प्रमाणपत्र माझ्या भिंतीवर, पंप त्याच्या पाठीवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या बैठकीच्या भिंतीवर, सासऱ्यांच्या फोटोशेजारी, एक प्रमाणपत्र लावलेलं आहे. आधुनिक आणि शाश्वत कापूस लागवडीचं ऑनलाइन कौशल्य प्रशिक्षण मी पूर्ण केलं, असं त्यावर छापलंय. खाली माझं नाव आणि १०० पैकी ९२ गुण. मुलानं तालुक्याहून रंगीत प्रिंट काढून फ्रेम करून आणली. पाहुणे आले की तो आधी ते दाखवतो, मग चहा ठेवायला सांगतो. मला दहावीला ४७ टक्के होते, त्यामुळे बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण ज्या दिवशी हे ९२ गुण मिळाले, त्या दिवसापर्यंत मी कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारा) एकदाही स्वतःच्या हातानं वावरात लावला नव्हता, हेही तितकंच खरं आहे.

ऑनलाइन शेती प्रशिक्षणाच्या बातम्या अलीकडे पेपरात बऱ्याचदा येतात. इतक्यांनी नोंदणी केली, इतक्यांना प्रमाणपत्रं मिळाली. त्या आकड्यांतली मी एक आहे. आतून ते कसं दिसतं, हे सांगावंसं वाटलं म्हणून लिहिते आहे. पत्र लांबेल, कापायचं तर कापा. फक्त शेवटचा ताजा कलम ठेवा.

मी घाटंजी तालुक्यातली. सहा एकर कोरडवाहू वावर. चार एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, दोन एकरांत सोयाबीन आणि मधे तुरीचे तास, म्हणजे ओळी. विहीर आहे, पण दिवाळीनंतर तिच्यात बादली बुडत नाही. लग्न होऊन आले त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून सरकी टोबणं, निंदण, खत देणं, वेचणी हे सगळं माझ्या हातचं. फवारणी तेवढी बाईनं करायची नाही, अशी आमच्याकडे रीत. आमच्या ह्यांचे गुडघे गेल्यापासून फवारणी मजुरीनं करून घ्यावी लागते. गावातलेच एक जण येतात, गावनात्यानं माझे दीर लागतात. त्यांना वावर नाही. निम्म्या गावाच्या पऱ्हाटीवर त्यांच्याच हातची फवारणी असते.

२०१७ चा खरीप यवतमाळ जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती, दाटली होती. औषध पिकावर कमी आणि मारणाऱ्याच्या तोंडावर जास्त येत होतं. जिल्ह्यात वीसेक माणसं फवारणीच्या विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्या वर्षी सप्टेंबरात हे भाऊजी दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या वावरात मारत होते. दुपारी आमच्या धुऱ्यावर (बांधावर) येऊन बसले, ओकले आणि म्हणाले, ‘वैनी, मले धुक्यावानी दिसून रायलं.’ बंडीत घालून सडकेपर्यंत आणलं, तिथून ऑटोनं दवाखान्यात. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, औषध कोणतं होतं? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळली होती, एवढंच माहीत. शेवटी एका पोराला मोटरसायकलनं परत पाठवलं. त्यानं धुऱ्यावर फेकलेल्या बाटल्या चुंगडीत भरून आणल्या. तेवढ्यात तास गेला. भाऊजी वाचले. पण त्या दवाखान्यातल्या बाकावर बसून मी मनाशी ठरवलं, की आपल्या वावरात जे जातं ते काय आहे, एवढं तरी आपल्याला वाचता आलं पाहिजे.

ठरवलं आणि पाच-सहा वर्षं तशीच गेली. मग मुलीनं फोनवर एका संस्थेचा अभ्यासक्रम दाखवला. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण भांडण त्यांच्याशी नाही. मराठीत, फुकट, घरी बसून. नोंदणी करायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो. सातबारा जोडा. सातबाऱ्यावर ह्यांचं आणि धाकट्या दिरांचं नाव. माझं कुठेच नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या, म्हणजे बायकोच्या नावे जमीन करून देण्याच्या मोहिमेच्या, सभेला माझे सासरे एकदा गेले होते म्हणे, परत येऊन शरद जोशींचं कौतुकही केलं होतं. सही मात्र केली नाही. देशातल्या वहिवाटदारांत (जमीन कसणारे म्हणून मोजलेल्यांत) बायका १४ टक्क्यांच्या आसपास, असं २०१५-१६ ची कृषी गणना सांगते. निंदायला आणि वेचायला वावरात किती टक्के बायका असतात, ते ऑक्टोबरात कोणत्याही सडकेनं जाताना एसटीच्या खिडकीतून मोजता येईल. शेवटी मुलीनं त्या फॉर्ममध्ये ‘ग्रामीण युवक’ असा एक पर्याय शोधून काढला आणि माझी नोंदणी झाली. बावन्न वर्षांची ग्रामीण युवक! वय कुणी तपासलं नाही, हे बरंच झालं.

आधी चांगलं ते सांगते. कृषी विज्ञान केंद्रात एक दिवसाच्या प्रशिक्षणाला जायचं म्हणजे सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, मधे दोन म्हशींची धार कोण काढणार हा प्रश्न, आणि वेचणीचे दिवस असतील तर मजुरी बुडते ती वेगळी. फोनवरचा धडा मी रात्री भांडी झाल्यावर बघायची. सून शेजारी बसायची. तिला सभेला जायला कुणी बोलावत नाही आणि बोलावलं तरी पाठवत नाहीत, ती असल्या धड्यांवर माझ्यापेक्षा जास्त खूश. पानाच्या खालच्या बाजूला तुडतुडे आणि पांढरी माशी कशी ओळखायची, तो धडा आम्ही चार वेळा बघितला. थांबवून, बोटांनी मोठं करून. वर्गात साहेबांना कोण म्हणतं, परत एकदा दाखवा म्हणून? फोनला म्हणता येतं. आमच्या वावरात रेंज फक्त बाभळीच्या बुंध्याजवळ येते, त्यामुळे दुपारची भाकर आम्ही तिथंच खायला लागलो. ह्यांना वाटायचं, सावलीसाठी बसतो.

आता वेळापत्रकाचं. नोंदणी नोव्हेंबरात सुरू झाली. पेरणीआधीच्या बीजप्रक्रियेचा धडा डिसेंबरात आला, तेव्हा मी दुसऱ्या वेचणीत होते. निंबोळी अर्काचा धडा फेब्रुवारीत. धडा चांगला होता. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटायच्या, रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी फडक्यानं गाळायच्या, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घालायचा आणि एकंदर शंभर लिटर पाणी करायचं. खर्च म्हणाल तर साबणाचा. पण निंबोळ्या पडतात जून-जुलैत. तेव्हा वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्या तर ऑगस्टात अर्क होतो. फेब्रुवारीत मी तो धडा बघून अंगणातल्या कडुलिंबाकडे बघितलं. खाली वाळली पानं होती. जूनपर्यंत लक्षात ठेवायचं म्हणून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं. लिहून ठेवणाऱ्या किती असतील?

गुलाबी बोंडअळीचा धडा उघडला ११ मार्चला. तारीख लक्षात आहे, कारण आदल्या दिवशीच पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. ज्या अळीनं २०१७ मध्येच अर्ध्या विदर्भाचा कापूस खाल्ला, तिच्याबद्दल आम्हाला मोकळ्या वावरात बसून शिकवलं गेलं. आमचं सगळं शिक्षण नक्षत्रावर चालतं. मृगात जे कळलं पाहिजे ते शिमग्याला सांगून काय उपयोग? पुस्तक कपाटात राहतं, वर्षानं उघडता येतं. त्या अभ्यासक्रमाचे धडे परीक्षा झाल्यावर तीस दिवसांत बंद झाले. पोळ्याच्या सुमारास मला सापळ्याचा धडा पुन्हा बघायचा होता, तेव्हा पडद्यावर ‘आपण हा अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केला आहे’ एवढंच यायचं.

तरी गेल्या खरिपात मी सापळे लावले. एकरी दोन, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूट-दीड फूट उंच. आतली ल्यूर, म्हणजे वासाची गोळी, बसवताना हात धुतले, तंबाखूचा हात लागू नये म्हणून ह्यांना जवळ येऊ दिलं नाही. मग रोज सकाळी वहीत लिहायची. सलग तीन दिवस सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर धोक्याची पातळी. हा प्रश्न परीक्षेत होता, माझं उत्तर बरोबर होतं. वहीत पहिल्या दिवशी शून्य, दुसऱ्या दिवशी शून्य, दहाव्या दिवशीही शून्य. मी खूश. बोंडअळी नाहीच म्हणून चार जणींना सांगितलंसुद्धा.

अकराव्या दिवशी भाऊजी पंप घेऊन आले. सापळ्यापाशी थांबले, वाकून बघितलं आणि म्हणाले, ‘वैनी, हे तं खालून उघडंच हाय. पाखरू आत येते अन् खालून निंघून जाते.’

त्या नरसाळ्याच्या सापळ्याला खाली लांब पॉलिथिनची पिशवी असते. तिचं खालचं तोंड उघडं येतं, त्याला गाठ मारायची असते. फिल्ममध्ये ती आधीच मारलेली होती. बोलणाऱ्या बाईंना ते सांगायचं सुचलं नाही, कारण त्यांच्या हातात सापळा तयारच आला असणार. मला ९२ गुण होते. भाऊजींनी तो धडा बघितला नव्हता, त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. त्यांनी गाठ मारली. दुसऱ्या सकाळी पिशवीत अकरा पतंग होते.

मग मी तासातली वीस हिरवी बोंडं तोडून घरी आणली आणि विळ्यानं फोडली. बाहेरून एकाही बोंडावर काही दिसत नव्हतं. तीन बोंडांत गुलाबी अळी निघाली. वीसात दोन निघाली तरी पातळी ओलांडली असं समजायचं. सून म्हणाली, आई, एवढं चांगलं बोंड आणि आत हे? तिनंच मग डोमकळ्या, म्हणजे अळीनं आतून पाकळ्या शिवून टाकलेली फुलं, ओळखायला शिकून रोज ओटीभर तोडून आणायला सुरुवात केली. त्या हिशेबानं औषध मारलं, तेही एकदाच आणि वेळेवर. आदल्या वर्षीपर्यंत शेजारी मारतो म्हणून आपण मारायचं, असं चालायचं.

आता औषधाच्या मापाकडे येते, कारण माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमाचं मर्म तिथं आहे आणि तिथंच तो तोकडा पडतो. धड्यात मात्रा सांगितली होती हेक्टरी, पाचशे लिटर पाण्यात इतके मिली. आमच्या गावात कुणीही हेक्टरात विचार करत नाही. एकरातही नाही. आमचं माप पंप. भाऊजींचा बॅटरीचा पंप सोळा लिटरचा आहे. काहींचे वीसचे आहेत, जुने हातपंप पंधराचे. आणि औषध मोजतात झाकणानं. एका कंपनीचं झाकण लहान, दुसऱ्या कंपनीचं मोठं. ‘दोन झाकणं टाक’ असं दुकानात सांगितलं की झालं.

त्यात आणखी एक घोळ आहे. पेट्रोलच्या पॉवर पंपात पाणी कमी लागतं, म्हणून त्याच्या पंपाला औषध तिप्पट घ्यायचं, असं कृषी खात्याच्या पत्रकांत शेवटी एक ओळ असते. आमच्याकडे बॅटरीच्या पंपालाही लोक ‘पावर पंप’ म्हणतात. बॅटरीवर चालतो म्हणजे पावरच की. हे लोक औषध तिप्पट टाकतात आणि पाणी साध्या पंपाएवढंच फवारतात. भाऊजी कितीतरी वर्षं तसंच करत आले होते, त्यांना तसंच सांगितलं गेलं होतं. २०१७ च्या त्या दुपारी त्यांच्या पंपात नेमकं किती गेलं असेल, याचा विचार आला की अजून अंगावर काटा येतो.

सून बी.ए. आहे. आम्ही दोघींनी वही घेऊन हिशेब केला. बाटलीवर दहा लिटरला वीस मिली असं असेल तर सोळा लिटरच्या पंपाला बत्तीस. दहा मिली असेल तर सोळा. घरात लेकरांच्या औषधाचा एक मोजायचा कप होता, त्यावरचे आकडे घासून गेलेले. सुनेनं इंजेक्शनच्या सिरिंजनं पाणी मोजून त्यात बत्तीसवर तिच्या लाल नेलपॉलिशची रेघ ओढली आणि सोळावर दुसरी. भाऊजींना दिला. त्यांना वाचता बेताचंच येतं, पण दोन रेघांचा कप त्यांना सगळ्या धड्यांपेक्षा जास्त कळला. त्यांनी बाकीच्या दोघा-तिघांनाही तसे कप करून मागितले. सुनेची बाटली संपली, नवी आणून दिली. तो कप आता पंपाच्या पट्ट्याला दोरीनं बांधलेला असतो, घरात परत आणायचा नाही असं मी बजावून सांगितलंय.

बाटलीवरच्या त्रिकोणाचंही तसंच. लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हे शिकायला अक्षर लागत नाही, डोळे लागतात. अभ्यासक्रमात त्यावर एक चित्र होतं, दहा सेकंदांत पुढे सरकलं. विषबाधा झाली तर बाटली आणि आतली घडी घातलेली चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा, ही ओळही तिथंच होती. ती वाचताना मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसतीच बसले. ही एक ओळ २०१७ च्या आधी कुणी आमच्या गावात येऊन मोठ्यानं सांगितली असती, तर भाऊजींचा तो तास वाया गेला नसता.

भाऊजींना मी त्रिकोण कोठ्यातच (गुरांच्या गोठ्यात) शिकवले, औषधांच्या मोकळ्या बाटल्या ओळीनं ठेवून. पाच मिनिटं लागली. पुढच्या आठवड्यात ते एका मोठ्या शेतकऱ्याकडे गेले, त्यानं पुढे केलेल्या बाटलीवर लाल त्रिकोण होता. भाऊजी म्हणाले, हे मी मारत नाही, दुसरं आणा, नाही तं हातमोजे अन् तोंडाले काही द्या. त्या शेतकऱ्यानं दुसरं औषध आणलं नाही, हातमोजेही आणले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसरा गडी आणला. आमच्याकडे फवारणीची मजुरी पंपामागे ठरते. जितके पंप संपतील तितके पैसे. मग वारा तोंडावर असला तरी फवारणारा थांबत नाही, दुपारचं ऊन असलं तरी थांबत नाही, हातमोज्यांत बोटं अवघडतात म्हणून घालत नाही. शिकलेला मजूर महाग पडतो आणि न शिकलेला रांगेत उभाच असतो, अशी ही गोष्ट आहे. नुसत्या धड्यानं ती कशी सुटेल, हे मला कळत नाही. पण शेतमालकांच्या धड्यात तरी हे यायला नको का? २४ धड्यांत ‘मजूर’ हा शब्द खर्चाच्या तक्त्याशिवाय कुठेच आला नाही.

औषध विकणाऱ्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम २००३ पासून आहे. आठवड्याला एक दिवस, ४८ आठवडे, त्यातले ८ दिवस शिवारात. चांगली गोष्ट आहे. आमच्या तालुक्यातल्या दोघांनी केलाय, ते आता निदान पिकाची अवस्था विचारतात. विकणाऱ्याला ४८ दिवस. विकत घेणाऱ्याला फोनवर चार तास. पाठीवर घेऊन अंगावर उडवून घेणाऱ्याला काहीच नाही. यात उलट काय आहे ते शाळेतलं पोरही सांगेल.

दुरून शिकणं आम्हाला नवं नाही, हेही सांगते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा (ते १९८९ साली निघालं) बागेचा अभ्यासक्रम माझ्या भावानं केला होता. पुस्तकं घरी, पण संपर्क वर्गाला अभ्यासकेंद्रावर जायचं आणि तिथं कलम स्वतः बांधून दाखवायचं. त्याची पहिली सात कलमं मेली, आठवं जगलं. अजून त्या आंब्याचा आमरस तो ‘आठव्याचा’ म्हणून वाढतो. आमच्या गावात कृषी खात्याची शेतीशाळाही एक हंगाम चालली. दर पंधरा दिवसांनी पऱ्हाटीत उभं राहायचं, झाड न्याहाळायचं, कागदावर त्याचं चित्र काढायचं, एका बाजूला शत्रुकिडी, दुसऱ्या बाजूला मित्रकिडी. ढालकिड्याची अळी मी तिथं पहिल्यांदा नीट बघितली. तोवर ती दिसली की मी चिरडायची, कारण तिचं रूप मगरीच्या पिल्लासारखं आहे आणि ती मावा (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) खायला येते हे ठाऊक नव्हतं. फोनवरच्या चित्रात मावा आणि ढालकिडा दोन्ही अंगठ्याएवढे दिसतात. वावरात एक टाचणीच्या डोक्याएवढा असतो. डोळ्याला ते माप वावरातच बसतं.

आणखी एक बारीकसं वाटेल असं. धड्यात सांगितलं, फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली पऱ्हाटी) ठेवू नका आणि पऱ्हाट्यांचे ढीग घालू नका, त्यांत अळी दडून राहते; यंत्रानं बारीक करून खत करा. पटलं. पण आमच्याकडे पावसाळ्यात चूल पेटते ती पऱ्हाट्यांवर. सिलिंडर आहे, तो पाहुण्यांसाठी आणि लेकराच्या दुधासाठी. ढीग घातला नाही तर आषाढात भाकर कशावर भाजायची, याचं उत्तर त्या धड्यात नव्हतं. प्रश्न विचारायच्या चौकटीत मी तो लिहून पाठवला. उत्तर आलं, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.’ आता मी निम्म्या पऱ्हाट्या वावरातच बारीक करून घेते आणि उरलेल्या मृगाआधी जाळून संपतील एवढ्याच घरी आणते. पावसाळ्यासाठी तुराट्या. हे बरोबर आहे का चूक, ते कुणी जाणकारानं आपल्या पेपरातून सांगितलं तर उपकार होतील.

मग माझं मागणं काय? ज्यांच्या हाती असे अभ्यासक्रम आखणं आहे, त्यांनी यंदाच्या खरिपात एवढं करून बघावं. धडे पिकाबरोबर चालू द्या. रोहिणीत बियाण्याचा, मृगात निंबोळ्या वेचण्याचा, पोळ्याला सापळ्याचा, दसऱ्याला बोंड फोडण्याचा, आणि एकदा उघडलेला धडा बंद करू नका. सातबारा मागू नका. आता तर शेतकरी ओळख क्रमांक मागतील, तोही आमच्यासारख्यांकडे नाही. जो धडा फिल्मवर दाखवता तो चित्राशिवायही ऐकता येईल असा करा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं ई-कपास म्हणून साध्या फोनवर बोलके निरोप पाठवले होते, म्हणजे बटणांच्या फोनवरही होतं हे. भाऊजींना फिल्म दिसत नाही, पण डबा खाताना फोन कानाला लावता येतो. भाषाही सोपी ठेवा. ‘एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या घटकांचा अवलंब’ हे ऐकताना सूनसुद्धा जांभई देते.

आणि परीक्षा वावरात घ्या. पर्याय निवडायची नको. पंप भरून दाखव, कप बघू. सापळा लावून दाखव. वीस बोंडं तोड आणि फोड. बाटलीवरचा रंग सांग. गावागावात साहेब येऊ शकत नाहीत, हे मला कळतं; शेतीशाळेच्या दिवशीच घ्या, दोन्ही कामं होतील. त्या दिवशी फवारणाऱ्यांना बोलवायचं असेल तर त्या दिवसाची मजुरी द्यावी लागेल. नाश्ता आणि पिशवी देऊन भागणार नाही. पिशव्या आमच्या घरी सहा आहेत.

गेल्या महिन्यात भाऊजी बैठकीत आले होते. भिंतीवरच्या फ्रेमजवळ जाऊन त्यांनी अक्षर लावत लावत माझं नाव वाचलं, मग मला विचारलं, ‘वैनी, याच्यात फवाऱ्याचं बी असते काय?’ मी म्हटलं, असते. म्हणाले, ‘मंग मले कायले नाही सांगतलं त्यायनं?’

मी चहा ठेवायला आत गेले.

आपली,
एक कापूस उत्पादक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ
(नाव छापू नये, गावात राहायचं आहे.)

ता. क. पत्र छापलंत तर खालच्या दोन ओळी मोठ्या ठळक अक्षरांत छापा. कोठ्याच्या दारावर चिकटवायच्या आहेत.
१० लिटरला २० मिली असेल, तर १६ लिटरच्या पंपाला ३२ मिली.
बॅटरीचा पंप हा साधा पंप. तिप्पट नाही.